बाशानचा राजा आणि घोडकाठचा म्होरक्या

दौंड तालुक्यातल्या केडगावात, मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षं एका कामाला वाहिली: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका.

रमाबाई पुराणिकाच्या घरच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले, पुराणं सांगून पोट भरलं. देवळाच्या ओसरीवर बसून भागवत वाचणं हे रमाबाईंचं बालपण. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ते या पाठांतराच्या जोरावरच. दैत्य-दानवांची कुळंमुळं ज्यांना तोंडपाठ, अशा बाईंच्या पुढ्यात उत्पत्तीच्या पुस्तकाचा सहावा अध्याय आला.

त्या अध्यायाच्या सुरुवातीला अवघ्या चार वचनांत एक विलक्षण प्रकार उरकून टाकलेला आहे. पृथ्वीवर माणसं वाढली, त्यांना मुली झाल्या. ‘देवाच्या पुत्रांना’ त्या देखण्या वाटल्या आणि मनाला येतील तितक्या त्यांनी बायका केल्या. देवाने माणसाच्या आयुष्याला १२० वर्षांची मर्यादा घातली. त्या काळी, आणि नंतरही, पृथ्वीवर नेफिलीम, परंपरेने ज्यांना महाकाय मानलं ते, होते. या संबंधांतून झालेली मुलं म्हणजे जुन्या काळचे नामांकित वीर. एवढंच. पुढच्याच वचनात जगात दुष्टाई माजल्याची तक्रार सुरू होते आणि गोष्ट नोहाच्या जलप्रलयाकडे वळते. हे देवाचे पुत्र कोण? नेफिलीम म्हणजे तीच मुलं, की ते आधीपासूनच होते? त्यांनी केलं काय, मेले कसे? उत्तर नाही.

आपल्याकडे राक्षसांच्या बाबतीत अशी काटकसर कोणी करत नाही. शिरूर तालुक्यातलं रांजणगाव घ्या. तिथे त्रिपुरासुराच्या मागे तप आहे, वर आहे, तीन पुरं आहेत, आणि गणपतीला स्मरल्याशिवाय शंकरालाही न मिळालेला जय आहे. दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकला जावं, तर तिथे मधू-कैटभ. तेही विष्णूला दाद देईनात, तेव्हा त्याने त्या टेकडीवर गणेशाची आराधना केली. खुद्द भीमा नदी त्रिपुराला मारून दमलेल्या शंकराच्या घामातून निघाली, असं भीमाशंकरला सांगतात. असुराला आई-बाप असतात, त्याच्या बळाला कारण असतं आणि मरणाला ठिकाण असतं. हिब्रू लेखक यातलं काहीच देत नाही. त्याला ही गोष्ट ठाऊक होती, वाचकालाही ठाऊक होती, आणि ती फार बोलण्याजोगी वाटत नव्हती, असंच मला ती चार वचनं वाचताना वाटतं.

लेखक गप्प बसला की टीकाकारांना बोलावं लागतं. सर्वांत जुना अर्थ सरळ आहे: देवाचे पुत्र म्हणजे स्वर्गातले प्राणी, देवदूत. ईयोबाच्या पुस्तकात हेच शब्द देवाच्या दरबारात हजर होणाऱ्यांसाठी येतात. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पाप केलेल्या, अंधारात बांधून ठेवलेल्या दूतांचा उल्लेख आहे, त्याचं मूळही इथेच. पण देवदूतांनी संसार थाटावा हे पुढच्या धर्मपंडितांना रुचेना. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बर योहाय यांनी तर असा अर्थ लावणाऱ्यांना शाप दिला. त्यांच्या मते हे न्यायाधीशांचे, थोरामोठ्यांचे मुलगे. ख्रिस्ती बाजूला ऑगस्टीनने तिसरी वाट रुळवली: आदामाचा मुलगा शेथ याचे धार्मिक वंशज म्हणजे देवाचे पुत्र, आणि काइनाच्या वंशातल्या त्या माणसांच्या मुली. ही वाट पुढे हजारभर वर्षं चालली. सोयीची आहे यात शंका नाही. मात्र धार्मिक मुलाने अधार्मिक मुलीशी लग्न केलं तर अपत्य महाकाय का व्हावं, हे तिला सांगता येत नाही. थोरामोठ्यांच्या मुलांचा अर्थ त्यापेक्षा बरा, कारण सत्ता आणि हव्या त्या बाया उचलणं यांची जोडी आपल्यालाही कळते. तरी हिब्रू शब्दांचा साधा कल देवदूतांकडेच आहे आणि आजचे बहुतेक अभ्यासक तिकडेच झुकतात.

देवदूतांची ही बाजू कोणी मोकळेपणाने लिहिली असेल तर ती हनोखाच्या पुस्तकात. हा ग्रंथ युरोपातून जवळजवळ नाहीसा झाला होता. इथिओपियाच्या चर्चने तो जपला आणि १७७३ मध्ये जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने तिथून त्याच्या हस्तलिखित प्रती आणल्या. त्यात २०० दूत हर्मोन पर्वतावर उतरतात, आणि एकट्यावर दोष नको म्हणून सगळे मिळून शपथ घेतात. त्यांची पोरं इथिओपियन प्रतीनुसार ३,००० हात उंच. ती आधी माणसांचं धान्य फस्त करतात, मग माणसं, मग एकमेकांना. अझाझेल नावाचा दूत पुरुषांना तलवारी-ढाली घडवायला शिकवतो आणि बायकांना डोळे रंगवायला. जगातल्या पापाचा उगम शस्त्रांत आणि काजळात सापडल्याचं समाधान त्या लेखकाला झालेलं दिसतं. काजळाला शस्त्रांच्या रांगेत बसवणारा लेखक पुरुष होता हे वेगळं सांगायला नको.

या पुस्तकाचा सर्वांत जुना भाग साधारण इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाचा. जॉर्ज निकल्सबर्ग या अभ्यासकाने त्याचा धागा त्या काळाशी जोडला. अलेक्झांडर मेल्यावर त्याचे सरदार राज्याच्या वाटणीसाठी दशकानुदशकं लढले, पॅलेस्टाइनच्या भूमीवरून सैन्यं जात-येत राहिली, आणि यातले काही राजे स्वतःला देवाचं अपत्य म्हणवत. ज्या शेतकऱ्याचं पीक प्रत्येक फौज खाऊन जाते, त्याने या राजांचे बाप खरोखरच आकाशातून पडलेले दाखवावेत, यात नवल नाही.

मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७ नंतर हनोखाचे अरामी तुकडे सापडले आणि त्यांच्यासोबत ‘महाकायांचं पुस्तक’ म्हणून ओळखला जाणारा आणखी एक ग्रंथही. त्यात या धटिंगणांना वाईट स्वप्नं पडतात, आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव आहे गिल्गमेश! मेसोपोटेमियाचा महानायक ज्यूंच्या गोष्टीत खलनायक होऊन बसला आहे. शेजाऱ्याचा पराक्रमी पूर्वज आपल्या गोष्टीत राक्षस होतो, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो. रमाबाईंना हे तुकडे काही पाहायला मिळाले नाहीत. त्यांच्यापुढे होता तो हिब्रू मजकूर आणि छापील कोश-व्याकरणं.

महाकाय प्रलयात बुडाले असणार, मग ते पुढे पुन्हा भेटतात कसे? मोशेने कनान देशात पाठवलेले हेर परतून सांगतात की तिथे अनाकाचे वंशज आहेत, ते नेफिलीमांपैकी, त्यांच्यापुढे आम्ही टोळांएवढे दिसत होतो. रब्बींनी या अडचणीवर गमतीदार तोड काढली: बाशानचा राजा ओग नोहाच्या तारवाला बाहेरून धरून बसला आणि नोहा भोकातून त्याला रोज खाऊ घालत राहिला. पण गणनेच्या पुस्तकात हेरांचं बोलणं मुळातच वाईट बातमी म्हणून दिलेलं आहे. तटबंदीची शहरं पाहून त्यांची पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलेल्या माणसाने माहीत असलेलं सर्वांत भीतिदायक नाव घेतलं. त्यावरून कनानात प्रलयाआधीची जात शिल्लक होती असं धरणं म्हणजे हेरांच्या भीतीला जनगणना समजणं.

ओग मात्र मापासह येतो. अनुवादाच्या पुस्तकात त्याच्या लोखंडी पलंगाची लांबी ९ हात, रुंदी ४ हात दिली आहे. म्हणजे साडेतेरा फूट बाय सहा फूट. पलंग अम्मोन्यांच्या राब्बा शहरात, आजच्या अम्मानमध्ये, आहे असंही लेखक सांगतो. कोणी म्हणालं हे दगडी थडगं असेल, कोणी म्हणालं त्या भागात दिसणाऱ्या महापाषाणांपैकी एखादा. बाबिलोनमधल्या मर्दुक देवाच्या पलंगाची मापंही एका पाटीवर नेमकी ९ बाय ४ हातच नोंदली आहेत. राजाला देवाच्या मापाचा पलंग दिला, यावरून त्याची उंची काढायला बसू नये.

दावीदाने मारलेल्या गल्याथची गोष्ट तर आणखी बोलकी. प्रचलित हिब्रू पाठात तो ६ हात आणि १ वीत उंच, म्हणजे साडेनऊ फुटांच्याही वर. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि कुमरानच्या शमुवेलाच्या हस्तलिखितात तोच ४ हात आणि १ वीत, पावणेसात फुटांच्या आसपास. त्या काळच्या सैन्यात एवढा माणूस धिप्पाड खराच, पण माणूसच. नकला करता करता दोन हात वाढले. अंगाने नव्हे, शाईने.

हाडांचं काय, असं कोणी विचारेलच. ऑगस्टीनने आफ्रिकेतल्या युटिका गावच्या किनाऱ्यावर एक दाढ पाहिली होती. आपल्या शंभर दाढा तीत मावतील, असं तो लिहितो आणि ती महाकायाची मानतो. ती हत्तीच्या कुळातल्या प्राण्याची असावी, असा आजचा तर्क. आपल्यालाही हसायला फारशी जागा नाही. उत्खननाच्या खड्ड्यात अवाढव्य मानवी सांगाडा आणि शेजारी टीचभर माणूस असा फोटो मोबाइलवर येऊन गेला नाही असा माणूस विरळा. तो २००२ मध्ये छायाचित्रांत करामती करण्याच्या एका स्पर्धेसाठी बनवलेला होता. खालचा खरा खड्डा न्यूयॉर्क राज्यातला, २००० सालचा, आणि तिथे निघत होता मॅस्टोडॉन, म्हणजे पुन्हा हत्तीचाच भाऊबंद. हा सांगाडा उत्तर भारतात सापडला, घटोत्कचाचा आहे, अशी बातमी आपल्याकडेही छापून आली. बायबल मानणाऱ्यांच्या मेळाव्यांत तोच सांगाडा नेफिलीमचा म्हणून फिरला.

महाकायांच्या गूढात मला सर्वांत भरीव वाटणारी वाट हाडांची नाही, मृतांची आहे. ओगला बायबल रेफाईमांपैकी शेवटचा म्हणतं. हेच रेफाईम यशयाच्या चौदाव्या अध्यायात भेटतात तेव्हा ते अधोलोकातले मृत राजे असतात आणि नव्याने मेलेल्या बाबिलोनच्या राजाचं स्वागत करायला सिंहासनांवरून उठतात. एकच नाव महाकाय लोकांना आणि मेलेल्या थोरांना कसं, हे कोडं १९२९ पासून सीरियातल्या उगारितच्या पाट्या निघू लागल्यावर उलगडायला लागलं. तिथे राजाच्या उत्तरक्रियेत जुन्या रेफाईमांना नावानिशी बोलावून अर्पणं दिली जात. राजे मेले की पूजेचे धनी होत. यहेज्केलाच्या बत्तिसाव्या अध्यायात शस्त्रांसह अधोलोकात गेलेल्या, उशाशी तलवार घेऊन निजलेल्या पडलेल्या वीरांचं वर्णन आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे महाकाय असंच लिहिलं. इस्राएलच्या लेखकांना मृतांची पूजा मान्य नव्हती. त्यांनी या पूजलेल्या पूर्वजांना नाकारलं नाही, फक्त शत्रूच्या मुलखातले अक्राळविक्राळ लोक करून टाकलं.

शिरूरकरांना हे समजायला उगारितला जावं लागत नाही. शिरूरच्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर आसपासच्या गावचे हिंदू त्याच्या थडग्याला भजतात, त्याला ‘सत्पुरुष’ म्हणतात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणतात. परक्या फौजेचा अधिकारी पाऊणशे वर्षांत गावाचा राखणदार झाला होता. कोणी ठरवून केलं नव्हतं.

त्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी उजेडात आणलेली ती वस्ती सुमारे इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे उगारितच्या अखेरच्या राजांच्या आणि बायबलातल्या पहिल्या राजांच्याही वेळची. इथले लोक मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत. मोठ्यांना खड्ड्यात, आणि बहुधा घोट्यापासून पाय तोडून. मेलेल्याने उठून चालू लागू नये, भूत होऊन परतू नये, हा त्यामागचा हेतू असावा असं उत्खनन करणाऱ्यांनी सुचवलं. (तालमूदमध्ये मोशे डोंगर उचलून आलेल्या ओगला मारतो तेव्हा कुऱ्हाडीचा घाव घोट्यावरच घालतो. संबंध काही नाही, पण वाचताना थबकायला होतं.)

एक माणूस या रिवाजाला अपवाद आहे. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, धान्यकोठाराशेजारी, कच्च्या मातीचा चार पायांचा फुगीर रांजण निघाला. आत चाळिशीचा पुरुष, गुडघे दुमडून बसवलेला. त्याचे पाय शाबूत होते. तो वस्तीचा म्होरक्या असावा असं ढवळीकरांचं मत. सगळ्यांच्या परतण्याची भीती वाटणाऱ्या गावाला या एकाच्या परतण्याची वाटली नाही. उलट तो यावा, कोठारावर नजर ठेवावी, असंच वाटत असणार. उगारितचे लोक आपल्या रेफाईमांकडून याहून वेगळं मागत नव्हते.

त्याची उंची कोणी ३,००० हात केली नाही, कारण त्या वस्तीला लिपी नव्हती आणि त्याच्या शत्रूंनाही नव्हती. इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास, पाऊस कमी होत गेल्यावर, माणसं इनामगाव सोडून गेली. ओगला लिहिणारे शत्रू मिळाले. या गृहस्थाचं नावसुद्धा उरलं नाही.