क्रेनला ओझे कसे कळते?

विहीर खोदताना दगडमाती वर काढणारी यारी आपण पाहिलेली आहे. क्रेन ही यारीचीच मोठी बहीण. ही चाकांवर चालते, एवढेच. पूल बांधायचा असो की कारखाना उभारायचा असो, जड ओझे उचलायला तिलाच बोलावतात.

क्रेनला एक लांब हात असतो. त्याला बूम म्हणतात. बूमच्या टोकावरून तारेचा दोर खाली येतो. दोराला आकडा असतो. डिझेल इंजिन पंप फिरवते. पंप तेल जोराने दाबतो. त्या दाबाने बूम वर-खाली होतो, लांब होतो आणि दोर गुंडाळला जातो.

मग विजेचे काम काय? ताकद तेलाची, पण हुकूम विजेचा!

आजच्या पुष्कळ क्रेनमध्ये चालकाने दांडा हलवला की बॅटरीची थोडी वीज तारेच्या एका वेटोळ्यात शिरते. वेटोळे लगेच लोहचुंबक बनते. ते तेलाच्या वाटेवरची झडप ओढते. दारे मोडले की पाटाचे पाणी वाफ्यात शिरते ना? तसेच हे. दांडा सोडला की वीज थांबते, झडप मिटते, हालचालही थांबते.

आता खरी गोष्ट ऐका. भरलेली घागर कमरेवर घेतली तर आपण सहज चालतो. तीच हात लांब करून धरली तर? खांदा भरून येतो. क्रेनचेही तसेच. १० टन ओझे ३ मीटरवर धरले, तर १० गुणिले ३, म्हणजे ३०. तेच ओझे ६ मीटरवर नेले, की झाले ६०. ओझे तेवढेच, पण क्रेन कलंडवणारा जोर दुप्पट! म्हणून किती अंतरावर किती उचलावे, याचा तक्ता क्रेनबरोबर येतो.

हा हिशेब वीज करते. एक यंत्र बूमचा कोन मोजते, दुसरे लांबी मोजते, तिसरे तेलाचा दाब मोजते. चालकाजवळचा लहान संगणक त्यावरून आकडेमोड करतो. मर्यादा जवळ आली की दिवा लागतो, भोंगा वाजतो. मर्यादा ओलांडली की संगणक त्या झडपांची वीज तोडतो. मग ओझे वर जात नाही, बूम लांब होत नाही. ओझे खाली ठेवता मात्र येते.

बूमच्या टोकाला साखळीने एक वजन टांगलेले असते. ते वरचे बटण ताणून धरते. आकडा फार वर आला की वजन उचलले जाते, ताण सुटतो आणि बटण वीज तोडते. नाही तर आकडा टोकावर आदळून दोर तुटायचा. बटणाची तार तुटली, तरीही दोर वर ओढणे थांबते. बिघाड झाला तर थांबावे, अशीच ही रचना आहे.

घाईपायी कोणी हे बटण बांधून ठेवतात, भोंगा बंद करतात. काम भरभर होते खरे, पण ओझ्याखालच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आम्ही सांगतो, भोंगा बंद असेल तर कामाला नाही म्हणा. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कधीच उभे राहू नका.

संगणकालाही सारे कळत नाही, बरं का! जमीन भुसभुशीत आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून क्रेनच्या पायांखाली जाड फळ्या घालाव्या लागतात. डोक्यावरची विजेची तार बहुतेक क्रेनना कळत नाही. गावात येणारी तार ११ हजार व्होल्टची असू शकते. बूम तारेला लागला, तर चालकाने आतच बसून राहावे. आपण मदतीला धावून क्रेनला हात लावू नये. जवळही जाऊ नये, कारण जमिनीतही वीज उतरते. लांब राहून वीज कंपनीला कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे.

यंत्र आपल्याला सावध करते. ते ऐकणे मात्र आपल्याच हाती आहे.