दोन बोटांचा डोळा

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावरून, घोडबंदर रोडच्या गर्दीतून, बाळकुम-कोलशेतची खाडी काही फार लांब नाही. पण जाळं विणणारा हात आता शोधावा लागतो. मला तो एका जुन्या घराच्या ओट्यावर सापडला. काकांनी जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं होतं. हे फेकायचं जाळं, म्हणजे पाग.

फाटलेला भाग त्यांनी आधी आणखी कापला. तुटके धागे काढत काढत ते अशा गाठीपाशी थांबले, जिथं तीन धागे शाबूत होते. तिथून दुरुस्ती सुरू करायची आणि तशाच दुसऱ्या गाठीवर संपवायची. दोरा चपट्या लाकडी सुईवर गुंडाळलेला. तो वरच्या डोळ्यातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, ओढून अंगठ्याखाली दाबायचा, मागून फास टाकायचा, आवळायचा. डोळ्याचं माप त्यांच्या दोन बोटांचं. "बारकी हाय ती जाव दे, वाडल ती," काका म्हणाले.

हे विणकाम पाहताना दुसरं एक विणकाम आठवलं. उत्तर समुद्राच्या काठावर, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, मच्छीमारांच्या घरच्या बायका घट्ट विणीचे लोकरी गान्सी स्वेटर विणत. वारा आत शिरू नये म्हणून. आपल्या दमट किनाऱ्यावर लोकरीला काय काम? इथलं सारं विणकाम जाळ्यात गेलं. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची नाहीतर तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. नायलॉन कुजत नाही. शिवाय यंत्रावर विणलेलं जाळं बाजारात किलोवर मिळतं. माणसाची मेहनत वाचली, ते चांगलंच झालं. पण डोळा किती ठेवायचा हे आता कारखाना ठरवतो, आणि मला हाच खरा तोटा वाटतो.

कारण घरात काय शिजणार, ते डोळ्यावरच ठरतं. बारीक डोळ्याच्या बोकशी जाळ्यात जवळा येतो. तो वाळवून कांद्यावर परततात. पागात बोय मिळते. निवटीला बरेचदा जाळंच लागत नाही, चिखलात हात घालून पकडतात; मग तिचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत मिठाने चोळायची.

काकूंनी त्या दिवशी बोय केली. ठेचलेला लसूण तेलात टाकला, त्यावर हळद आणि घरचा आगरी मसाला. मसाला करपायच्या आत चिंचेचा कोळ ओतला. नारळ नाही, वाटण नाही. उकळी फुटल्यावर मासे सोडले आणि मग डाव अजिबात घातला नाही. टोप दोन्ही हातांनी धरून नुसता हिंदकळवला. तुकडे अखंड राहिले. सोबत तांदळाची भाकरी.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याआधी 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं. दोन्ही निर्णय मला मोलाचे वाटतात. पण खाडीचं संरक्षण ठरवणाऱ्या बैठकीत पक्षीतज्ज्ञाच्या शेजारी पाग विणणाऱ्यालाही खुर्ची हवी. कुठलं पिल्लू कधी सोडायचं, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे.