बाजाराच्या दिवशीची न्याहारी



कारखान्याचा हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाचा फड, तोडणीची टोळी, काट्यावरची रांग आणि चिमणीचा धूर येतो. वार्षिक अहवालात गाळप किती, उतारा किती, भाव किती, याचे आकडे असतात, आणि ते असावेतच. परंतु ज्या माणसांनी पंचवीस-तीस हंगाम ही यंत्रे चालविली, ती निवृत्त झाल्यावर काय करतात, याचा उल्लेख कोणत्याच अहवालात नसतो. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल आणि कौतुकाचे दोन शब्द. मग माणूस फाटकाबाहेर गेला तो गेलाच, अशी आपली सर्वसाधारण समजूत. या समजुतीला छेद देणारी एक गोष्ट आपल्याच फाटकासमोर कित्येक वर्षे चालू आहे. या अंकात तिच्याविषयी थोडेसे.

दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास फाटकासमोरच्या हॉटेलात मागची दोन बाकडी भरतात. कोणी पॅनवर काम केलेले, कोणी बॉयलरवर, कोणी मिल फिटर, कोणी काट्यावरचे कारकून, कोणी शेतकी खात्यात स्लिपा वाटलेले. बाजाराचा दिवस एवढ्यासाठी की त्या दिवशी गावोगावची माणसे पिशवी घेऊन निघतातच. वेगळे गाडीभाडे पडत नाही. या मंडळींना अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, इतिवृत्त नाही. मिसळ, नाहीतर कांदेपोहे, वर चहा. दहाच्या ठोक्याला सगळे बाजाराला पांगतात.

आम्ही गेले काही आठवडे या बाकड्यांवर जाऊन बसलो. म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या गप्पा, एवढेच असेल असे वाटले होते. गप्पा जुन्याच होत्या, पण त्यांत सभासदाच्या कामाचे इतके काही निघाले की ते आपणापुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

एक पॅनवाले बाबा घ्या. आपल्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना गुळव्या ठाऊक आहे. काहिलीतला पाक बोटांत धरून तो सांगतो, “आता उतरवा.” पॅनवरचे काम त्याच जातीचे, फक्त काहील बंद असते. पॅनमधली हवा ओढून घेतलेली असल्यामुळे रस साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. उघड्यावर तापविला तर साखर करपेल. आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी थोडा नमुना बाहेर काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरायचा. दाणा कसा वाढतोय, सारखा आहे की नाही, ते डोळ्यांनी ओळखायचे आणि पाकाची तार बोटांनी.

बाबा म्हणाले, “मोठ्या दाण्याबरोबर पिठासारखा बारीक दाणा सुटला की समजायचं, घात झाला. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणायचो. त्यो मशीनच्या जाळीत थांबत न्हाई, मळीबरोबर निघून जातो. म्हंजे शेतकऱ्याची साखर मळीत गेली! मग पाणी घ्यायचं, जरा ऊब वाढवायची, खोटा दाणा विरघळवायचा आणि पुन्हा धीरानं चालायचं. घाई केली की संपलं.”

यात सभासदाचा संबंध काय, असे कोणी विचारील. हिशेब सोपा आहे. एक लाख टन उसावर उताऱ्यात नुसता ०.१ टक्क्याचा फरक पडला तरी १०० टन साखर, म्हणजे १००० क्विंटल. पन्नास किलोची दोन हजार पोती. उतारा शेतात तयार होतो हे खरेच, पण तो टिकतो किंवा वाया जातो तो कारखान्यात. आज पॅनवर यंत्रे आली, पडद्यावर आकडे दिसतात, हे चांगलेच झाले. तरी आकडा असा का आला हे सांगणारा माणूस जवळ असला तर नव्या पोराचे शिकणे लवकर होते. ती माणसे आज आपल्या फाटकासमोर मिसळ खात बसलेली असतात.

आता दुसरी गोष्ट. ही सांगावी की नाही, याचा आम्ही विचार केला. पण दोन्ही बाजूंनी “खुशाल छापा” म्हटले, म्हणून छापतो.

या बाकड्यांवर अलीकडे एक सभासदही येऊन बसतात. पूर्वी ते येत नसत, कारण तिथे काट्यावरचे एक निवृत्त कारकून असत आणि या दोघांत ऐंशीच्या दशकापासून बोलणे नव्हते. कारण असे : एका हंगामात या सभासदाच्या आणि शेजारच्या बांधकऱ्याच्या उसाची तोड एकाच वेळी झाली. ऊस एकाच जातीचा, लावण एकाच आठवड्यातली, गाड्याही सारख्याच भरलेल्या. पण वजनाच्या पावत्या हाती आल्या तेव्हा यांच्या गाड्या शेजाऱ्यापेक्षा हलक्या निघाल्या. भर तळावर, शंभर गाडीवानांसमोर, त्यांनी काटेवाल्याला चोर म्हटले. काटेवाल्याने मान खाली घालून पुढची गाडी घेतली. त्यानंतर गावात, लग्नकार्यात, देवळात, कुठेही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

गेल्या हंगामात बाजारातून येताना पाऊस लागला आणि हे सभासद आडोशाला नेमके याच हॉटेलात शिरले. जागा तेवढ्या बाकड्यावरच होती. कोणीतरी मुद्दाम विषय काढला, “काय तात्या, ती पावती अजून खिशात हाय का?” सगळे गप्प झाले. मग काटेवाले आबाच बोलले.

“तात्या, तुमची गाडी तळावर किती वेळ उभी होती, आठवतंय?”

“दोन दिवस. मिल बंद पडली होती न्हवं.”

“आणि शेजाऱ्याची आदल्या दिवशीच आत गेली होती. मिल बंद पडायच्या आधी. दोन दिवस उन्हात ऊस वाळला, वजन घटलं. भरलेली गाडी मी तोलली, रिकामी तोलली, वजाबाकी करून लिहिलं. माझ्या काट्यात खोट नव्हती. पण तुमचं नुकसान झालं होतं, ते बी खरंच होतं.”

“मग तवाच का नाही सांगितलंस?”

“तवा तुम्ही विचारलं नव्हतं. चोर म्हटलं होतं.”

यावर तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पोराला हाक मारली आणि आबांसाठी मिसळ सांगितली. बस्स, एवढेच. तेव्हापासून ते दर बाजाराला येतात.

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस जितका उभा राहील तितके त्याचे वजन घटते आणि रसातली साखरही मोडत जाते. म्हणूनच तोडीनंतर चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असा आग्रह असतो. हे आज शेतकी मेळाव्यात सगळे ऐकतात. पण एका घरात ही माहिती पोहोचली नाही म्हणून दोन भल्या माणसांची चाळीसेक वर्षे अबोल्यात गेली. नुकसान खरे होते, चोर मात्र कोणी नव्हता. आपल्या कारखान्याच्या कारभारात असे गैरसमज आणखी किती असतील, याचा विचार कारभाऱ्यांनी आणि सभासदांनी, दोघांनीही करावा.

कामगार आणि ऊस उत्पादक यांचे भवितव्य एकाच गव्हाणीत पडते, याच्या आठवणीही या बाकड्यांवर निघतात. १९७२ च्या दुष्काळात ऊस चाऱ्याला गेला, तो काळ कोणी सांगतो. ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने साखरेवरचे नियंत्रण उठविले आणि भाव कोसळले. १९७९ अखेर पुन्हा नियंत्रण आले. त्या काळाबद्दल एक फिटर म्हणाले, “गोदामात साखर, पण पगाराला पैसा न्हाई. तुमची बिलं थकली, आमचा पगार थकला. किराणा दुकानदाराच्या वहीत दोघांचीही नावं एका पानावर.” लेव्हीची साखर २०१३ साली बंद झाली, आज इथेनॉलच्या गोष्टी चालतात, पण एकाचे थकले की दुसऱ्याचेही थकते, हा नियम काही बदललेला नाही.

आता जरा अवघड विषय. ही न्याहारी हसतखेळत चालते म्हणून सगळे सुखात आहेत असे कोणी समजू नये. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली. त्यापूर्वीच ज्यांची बरीच नोकरी झाली होती, त्यांच्या हाती पुढे निवृत्तिवेतन थोडेच पडले. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन दरमहा १००० रुपये ठरले, यावरून त्याआधी काहींना किती मिळत असेल याची कल्पना यावी. हंगामी कामगारांची स्थिती त्याहून नाजूक. एवढ्या पैशांत औषधे आणायची की मिसळ खायची? म्हणून या मंडळींनी एक रीत पाडली आहे. बिल कोणी दिले हे विचारायचे नाही. नातू झाला, पोराला नोकरी लागली, म्हैस व्याली, असे काहीतरी कारण सांगून कोणी ना कोणी गल्ल्यावर पैसे देऊन मोकळा होतो. आम्ही गेलो त्या आठवड्यांत एका म्हशीचे व्यालेले दोनदा ऐकले. कोणी हसले नाही.

कोणी दोन बाजार आला नाही तर तिसऱ्या दिवशी दोघे त्याच्या घरी जातात. असेच गेल्यामुळे बॉयलरवरचे एक गृहस्थ तापाने फणफणलेले सापडले आणि वेळेवर दवाखान्यात पोहोचले. पूर्वी तीन बाकडी लागत, आता दोन पुरतात. हे वाक्य त्यांच्यातल्याच एकाने चहा बशीत ओतता ओतता सांगितले आणि विषय बदलला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ही माणसे आपल्याकडे काही मागत नाहीत, तेव्हा आपणच पुढे होऊन तीन गोष्टी कराव्यात. पहिली, यंत्रांच्या दुरुस्तीच्या दिवसांत, म्हणजे हंगाम नसताना, नव्या कामगारांनी या मंडळींना आत बोलवावे, यंत्रापाशी उभे करावे आणि विचारावे. जे सांगतील ते वहीत उतरून घ्यावे. दुसरी, आपल्या गटातल्या निवृत्त कामगाराची, विशेषतः एकट्या राहणाऱ्याची, सभासदांनी अधूनमधून चौकशी करावी. तिसरी, ज्यांच्या मनात एखादी जुनी पावती, जुनी स्लिप, लांबलेली तोड सलत असेल, त्यांनी ती या बाकड्यांवर आणावी. बरे-वाईट जे असेल ते कळेल. पुढील अंकापासून या मंडळींच्या आठवणींसाठी एक पान राखून ठेवीत आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे आम्ही लिहून घेऊ.

बाजाराचा दिवस, सकाळी आठ ते दहा, फाटकासमोरचे हॉटेल. बाकडे अपुरे पडले तर तिसरे पुन्हा मांडू, असे हॉटेलवाल्याने सांगितले आहे.