रोपवाटिकेचे बुकिंग फोनवर : एकट्या माणसाने धंदा कसा सांभाळावा?



एक डोळ्याची रोपे तयार करून लागण करण्याची पद्धत आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. बेण्याची बचत होते, नांग्या कमी पडतात आणि शेत महिनाभर आधीच्या पिकाला मोकळे मिळते. त्यामुळे गावोगावी शेडनेट उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी ही रोपवाटिका घरातील एकच व्यक्ती चालविते, कुठे मुलगा तर कुठे सून. बेणे निवडणे, डोळे काढणे, कोकोपीट भरणे, पाणी देणे ही कामे दोन-चार मजूर लावून पार पडतात. खरी ओढाताण होते ती फोनची. रोपे आहेत का, कोणत्या जातीची, कधी मिळतील, दर काय, मागच्या आठवड्यात पैसे पाठवले ते मिळाले का? दिवसभर हेच. बुकिंग काही डायरीत, काही कॅलेंडरच्या कोपऱ्यात आणि उरलेले डोक्यात.

यावर उपाय म्हणून कारकून ठेवणे परवडत नाही, आणि कॉम्प्युटरवाल्याकडून स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून घेणे तर त्याहून नाही. परंतु त्याची गरजही उरलेली नाही. प्रोग्रॅमची एक ओळही न लिहिता, तयार साधने एकमेकांना जोडून धंद्याचे कागदकाम चालविता येते. यालाच ‘नो-कोड’ म्हणतात. नाव परके असले तरी गोष्ट ओळखीची आहे. विहिरीवर मोटर बसविणारा शेतकरी ती वाइंड करायला शिकत नाही. स्टार्टर दाबायला आणि फेज गेला तर ओळखायला शिकतो. तेवढेच येथेही शिकावयाचे आहे.

ही वाट तशी जुनीच. १९७९ साली अमेरिकेत ‘व्हिजिकॅल्क’ नावाचा तक्ता निघाला. त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या हिशेबनिसांच्या हाती त्यामुळे प्रथमच कॉम्प्युटर आला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हायावेब’ने फक्त ब्राउझरमधून ऑनलाइन दुकान मांडण्याची सोय केली. आज आपल्या फोनमध्ये असलेली गुगल शीट ही त्या पहिल्या तक्त्याचीच नात म्हणा ना.

आता कामाचे बोलू. फोन हातात घेण्यापूर्वी साधी वही घ्यावी आणि आपण बुकिंग घेताना नेमके काय विचारतो ते लिहावे. नाव, गाव, फोन नंबर, जात (को ८६०३२ की फुले २६५), क्षेत्र, सरीतील व रोपांतील अंतर, आणि रोपे कोणत्या तारखेला हवीत. बहुतेक रोपवाटिकांत एवढे सात प्रश्न पुरतात. ही यादी कागदावर नीट झाली तर पुढचे काम तासाभराचे आहे. यादीच विस्कळीत असेल तर कोणतेही ॲप ती सरळ करून देणार नाही.

हे सात प्रश्न ‘गुगल फॉर्म’मध्ये टाकावेत. मराठीतच टाकावेत. जात आणि तारीख ग्राहकाला लिहायला लावू नये, निवडायला द्यावी. नाही तर एकजण ८६०३२ लिहितो, दुसरा ‘नीरा’ लिहितो, आणि दोन्ही एकच असून तक्त्यात दोन जाती दिसतात. पैसे भरल्याचा फोटो फॉर्ममध्ये मागू नये. फोटो जोडण्याचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावे लागते, आणि तेथेच आपला अर्धा गिऱ्हाईक फॉर्म सोडून फोन लावतो.

फॉर्म भरला की प्रत्येक उत्तर गुगल शीटमध्ये एका ओळीत जाऊन बसते. खरा उपयोग येथून पुढे आहे. शेतकरी एकर सांगतो, आपल्याला रोपे मोजायची असतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप असेल तर एका रोपाला दहा चौरस फूट जागा, म्हणजे एकरी ४,३५६ रोपे. साडेचार बाय दोनला ४,८४० आणि पाच बाय दीडला ५,८०८. पाच बाय दोनच्या लागणीत नांग्या भरण्यासाठी पाच टक्के जादा धरले तर एकरी ४,५७४ होतात. हे गणित तक्त्यात एकदा सूत्र म्हणून लिहून ठेवले की पुन्हा करावे लागत नाही. सूत्र कसे लिहावे हे येत नसेल तर आजकाल एआयला मराठीत विचारले तरी ते लिहून देते. मात्र एका एकराचे उत्तर हाताने करून ताळा बघावा, मगच विश्वास टाकावा.

सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘शिल्लक’. समजा, एका लॉटला आपण ५० हजार कप भरतो. शंभर टक्के उगवण होत नाही, काही रोपे खुजी राहतात, म्हणून बुकिंग ४२ हजारांचेच घ्यावयाचे असे ठरविले. पाच बाय दोनच्या हिशेबाने नऊ एकरांचे बुकिंग झाले की ४१,१६६ रोपे गेली, उरली ८३४. दहावा माणूस पाहुण्यांतला, एक एकर मागतो. डायरी असती तर ‘घ्या हो, बघू काहीतरी’ म्हणून आपण होकार देऊन मोकळे झालो असतो. तक्ता ८३४ दाखवतो. आता बोला! अशा वेळी दिलेला होकार त्या शेतकऱ्याला फार महाग पडतो. त्याने सऱ्या सोडलेल्या असतात, मजूर सांगितलेले असतात. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या महिन्यात उरकावी लागते; रोपांसाठी पुढच्या लॉटची वाट पाहिली तर हंगामच हातचा जातो. आपला एक शब्द आणि त्याचे पुढचे दीड वर्ष, असा तो सौदा आहे.

हे लक्षात ठेवा की लॉट भरला म्हणून फॉर्म स्वतःहून थांबत नाही. उत्तरे घेणे बंद करण्याचे बटण फॉर्ममध्ये आहे, ते आपल्याला दाबावे लागते. किंवा भरलेल्या लॉटची तारीख निवडीतून काढावी लागते. सकाळी पाणी द्यायला जाण्यापूर्वी आणि रात्री जेवण झाल्यावर असे दोन वेळा शिल्लक बघण्याची सवयच लावून घ्यावी.

पैशाबाबत. फॉर्म भरला म्हणजे बुकिंग झाले असे नाही, आगाऊ रक्कम मिळाली की झाले, हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहावे. तक्त्यात ‘आगाऊ मिळाली’ असा रकाना ठेवावा आणि शिलकीचे सूत्र त्याच ओळी मोजील असे करावे. यूपीआयने पैसे आले की बारा अंकी संदर्भ क्रमांक मिळतो, तो समोर नोंदवावा. ग्राहकाने पाठविलेला स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नये, कारण बनावट स्क्रीनशॉट कोणालाही करता येतो. रक्कम आपल्या खात्यात दिसली तरच खरी. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर तो गिऱ्हाईक नव्हे. त्याचा फोन तेथेच ठेवावा.

उरले व्हॉट्सॲप. २०१८ पासून धंद्याकरिता त्याचे वेगळे ‘बिझनेस’ ॲप आहे. त्यात जातीनिहाय रोपांचे फोटो व दर यांचा कॅटलॉग लावता येतो, आणि वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. पहिला निरोप येताच फॉर्मची लिंक आपोआप जाते. परंतु काही वडीलधारी मंडळी फॉर्म भरणार नाहीत, ती फोनच करतील. त्यांचे बुकिंग फोन चालू असतानाच आपण स्वतः त्याच फॉर्ममध्ये भरावे. दोन वह्या झाल्या की घोटाळा ठरलेलाच.

वेबसाइट काढावी का, असे बरेच जण विचारतात. माझे मत, पहिल्या वर्षी नको. दरमहा भाडे घेणारी तयार दुकाने पुष्कळ आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण आपला माल टेम्पोत जातो, पार्सलमध्ये नाही. चार तालुक्यांतील गिऱ्हाईक फॉर्म आणि फोन यावर सहज सांभाळता येते.

फुकट साधनांची दुसरी बाजूही बघून ठेवावी. गुगल पूर्वी छोट्या व्यावसायिकांना त्यांच्या दुकानाच्या नोंदीसोबत एक पानाची वेबसाइट फुकट देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. पाट्यांवर आणि कार्डांवर छापलेले पत्ते निरुपयोगी झाले. जागा दुसऱ्याची, नियम त्याचे. म्हणून दर शनिवारी संपूर्ण तक्ता एक्सेलच्या स्वरूपात उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा, आणि चालू लॉटचे एक पान छापून शेडमध्ये टांगावे. वीज गेली, नेट गेले, फोन पाण्यात पडला, तरी कोणाला किती रोपे द्यायची ते भिंतीवर दिसते. तसेच तक्त्याची लिंक ‘कोणालाही पाहता येईल’ अशी ठेवू नये. त्यात लोकांचे फोन नंबर असतात.

हीच पद्धत गूळ-काकवीला लावता येईल का? बुकिंगपुरती लागेल, पण कायद्याचे काम वाढते. रोपांवर जीएसटी नाही. पाकीटबंद व लेबल लावलेला गूळ मात्र १८ जुलै २०२२ पासून कराच्या कक्षेत आला आहे, आणि असा करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. बेळगाव किंवा गोव्याची ऑर्डर घेण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक हवा, पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नाव-पत्ता हवा. आणि कारखान्याकडे नोंदलेला ऊस गुऱ्हाळाकडे वळवून हा धंदा करू नये, हे सांगायला नकोच.

ज्यांना येत्या आडसालीसाठी सुरुवात करावयाची आहे त्यांनी उलटे मोजावे. १५ जुलैला रोप शेतात जायचे तर तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, म्हणजे डोळे जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये हवेत. बुकिंग त्याआधी सुरू होते. तेव्हा फॉर्म मे महिन्यातच तयार करावा, घरातील आणि भावकीतील पाच-सहा जणांकडून भरून घ्यावा, त्यात एखादी तरी सत्तरीतली व्यक्ती असावी. ती जेथे अडेल तो प्रश्न बदलावा. नंतर ही खोटी बुकिंगे तक्त्यातून आठवणीने काढून टाकावीत, नाही तर पहिल्याच दिवशी शिल्लक चुकीची दिसेल.