टोकाच्या नळाचं गणित

कोडोली असो की कोल्हापूर, टाकीजवळच्या गल्लीत अंगणं धुऊन होतात तरी टोकाच्या घरी नळ नुसता फुसफुसत असतो. पाणी नाही म्हणावं तर वारणा आपल्या उशाशी. २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापुरात आलं. पण गल्लीबोळांत ते फिरवायचं काम शेवटी वितरणाच्या जाळ्याचंच.

इतिहास झटपट उरकतो. १९३६ साली अमेरिकेत हार्डी क्रॉस यांनी अशा जाळ्यांचं गणित कागदावर टप्प्याटप्प्याने सोडवायची रीत दिली. १९९३ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने ‘ईपॅनेट’ हे फुकट सॉफ्टवेअर काढलं, ते आज जगभर चालतं. झालं!

मला सांगायचंय ते नागपूरच्या प्रा. प्रमोद भावे यांच्याबद्दल. आज व्हीएनआयटी म्हणतात त्या महाविद्यालयात ते शिकवत. प्रत्येक ठिकाणी ठरलेलं पाणी निघतंच, असं प्रचलित गणित धरून चालायचं आणि मग दाब किती उरला ते काढायचं. जिथे पाणी पोहोचतच नाही, तिथे उत्तर उणे! म्हणजे दाब शून्याखाली, तरी कागदोपत्री बादली भरलेली. भाव्यांनी १९८१च्या शोधनिबंधात प्रश्नच फिरवला : आहे त्या दाबात कुठे, किती पाणी खरोखर निघेल? चोवीस तास भरपूर दाब असलेल्या देशांना याची फारशी निकड नव्हती. आपल्याकडे मात्र रोजचं दुखणं हेच. ईपॅनेटमध्ये ही सोय आली ती थेट २०२०च्या आवृत्तीत.

आणखी एक आकडा मला सोडवत नाही. पाईपचा व्यास निम्मा केला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब जवळपास २९ पट होतो. त्यामुळे ‘एवढ्याशा बोळाला चार इंची कशाला, दोन इंची बास’ असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

कराडला खेटून असलेलं मलकापूर मी मुद्दाम पाहून आलो. जीवन प्राधिकरणाने तिथे संगणकावर जाळं आखलं, घरोघर मीटर बसवले आणि चोवीस तास पाणी दिलं. त्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. गाव झोपलेलं असताना मध्यरात्रीनंतरही वाहिनीत जो प्रवाह दिसतो, त्यातली बरीचशी गळती असते. तासाभराने व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या गावाला ती मोजायची कशी?

पण संगणकाला आधी नकाशा लागतो. जुन्या गावांत जमिनीखाली कुठली पाईप कुठे वळते, ते पाणी सोडणाऱ्या माणसालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की सगळं त्याच्याबरोबर गेलं. माझ्या मते महागडे सेन्सर विकत घेण्याआधी त्याला शेजारी बसवून सगळं लिहून घ्यावं.

वारणा खोऱ्याला संगणक काही नवा नाही. १९९८ मध्ये इथल्या ७० गावांत संगणक जोडायचा प्रकल्प झाला होता. वारणानगरचं अभियांत्रिकी महाविद्यालय कोडोलीला लागूनच आहे. ईपॅनेट फुकट मिळतं, आयआयटी मुंबईचं ‘जलतंत्र’ही. ग्रामपंचायतीने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोडोलीचं जाळं प्रकल्प म्हणून द्यावं. आणि मुलांनो, दाब मोजायला सुरुवात टाकीपासून नको, टोकाच्या घरापासून करा.