स्पर्शाविना देणेघेणे – लेखांक चौथा : ग्राहकाचे मन कशाने वळते?

गेल्या लेखांकात कार्डाच्या पोटातील तारेच्या वेटोळ्याला यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून शक्ती कशी मिळते आणि जेमतेम चार सेंटिमीटरांच्या अंतरात, १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारितेवर, त्या दोहोंचा संवाद निमिषार्धात कसा उरकतो, हे आपण पाहिले. परंतु यंत्र सिद्ध झाले म्हणजे माणूसही सिद्ध झाला असे होत नाही. घाम गाळून मिळविलेली रक्कम डोळ्यांदेखत मोजून न देता, नुसते कार्ड टेकवून दुसऱ्याच्या हवाली करण्यास तो का कबूल होतो, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे, आणि म्हणूनच मला तो अधिक मोलाचा वाटतो.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ साली, कचेऱ्यांतील संगणकांच्या वापराचा विचार करताना, नव्या साधनाच्या स्वीकाराची दोन कारणे मांडली : ते आपल्या उपयोगी पडेल ही समजूत, आणि ते वापरताना कष्ट पडणार नाहीत ही समजूत. दोन्ही खरीच, पण पैशाच्या मामल्यात तिसरे एक कारण या दोहोंच्या आधी उभे राहते, ते म्हणजे भरवसा, आणि भरवसा उपदेशाने येत नाही, तो रोजच्या किरकोळ व्यवहारातून हळूहळू मुरतो.

लंडन शहराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. तेथे २००३ साली ‘ऑयस्टर’ हे प्रवासाचे कार्ड आले, डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये बँकेचे कार्ड थेट टेकवून भाडे देता येऊ लागले, ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोकड घेणेच बंद झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भुयारी रेल्वेची दारेही बँकेच्या कार्डाला खुली झाली. रोकड बंद करण्यात सक्तीचा अंश होता हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि प्रवाशाला खरा दिलासा मिळाला तो निराळ्याच सोयीने : दिवसभरात कितीही फेऱ्या झाल्या तरी ठरावीक कमाल रकमेपलीकडे भाडे जात नाही, आणि हा हिशेब यंत्रणा स्वतःच करते. एकेरी तिकीट काढावे की दिवसाचा पास घ्यावा, ही खिडकीपाशी उभे राहून करावयाची विवंचनाच संपली. वेगाची प्रशंसा सर्वजण करतात. माझ्या मते वाचलेल्या चार क्षणांपेक्षा टळलेली ही चिंता अधिक मोलाची होती.

आपल्याकडे ही चिंता सुट्या पैशांच्या रूपाने वावरत आली. एस.टी.च्या कंडक्टरने तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून द्यावी आणि उतरण्याच्या घाईत प्रवाशाने ती विसरावी, किंवा वाण्याने रुपयाच्या बदली गोळी हातावर ठेवावी, हा अनुभव कोणाला नाही? एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ झाला, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली, आणि रोकडीच्या टंचाईने अनेकांना प्रथमच या मार्गावर आणले. परंतु टंचाई सरल्यावरही लोक तेथे टिकले, याचे श्रेय मी पुठ्ठ्यावर छापलेल्या त्या ठिपक्यांच्या चौकोनाला देतो. त्यासाठी भाजीवाल्याला महाग यंत्र घ्यावे लागले नाही, १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यावरील आकारही उठला, आणि पुढे रक्कम मोठ्याने पुकारणारा साउंडबॉक्स आल्यावर, दोन्ही हात तराजूत गुंतले असतानाही त्याला पैसे पोचल्याची खातरी होऊ लागली. शास्त्रार्थाने मोबाईलवर स्कॅन करणे आणि कार्ड टेकविणे भिन्न आहे, पण त्यामागची मनोवृत्ती एकच.

आता भीतीविषयी. वाणी नव्या गिऱ्हाइकाला उधारी देतो ती आधी थोडकीच, आणि ती फिटत गेली की वाढवतो. येथे ग्राहक तीच रीत यंत्राशी पाळतो. रिझर्व्ह बँकेने पिनवाचून कार्ड टेकविण्याची मर्यादा आधी २,००० रुपये ठेवली आणि १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० केली. बुडालेच तर किती बुडेल, हे आधी ठाऊक असले की माणूस धीर करतो. ब्रिटनमध्ये महामारीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ही मर्यादा ३० पौंडांवरून ४५ वर गेली. रोगाचे भय ओसरू लागल्यावर ती खाली आली नाही, उलट ऑक्टोबर २०२१ मध्ये १०० पौंड झाली. भयाने लावलेली सवय भयापेक्षा दीर्घायुषी ठरली.

वाचकांना एक विनंती. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने नव्या कार्डावरील टेकवून पैसे देण्याची सोय मुळात बंद असते आणि ती सुरू करण्याचा अधिकार खातेदाराचा असतो; तो अधिकार बँकेच्या कारकुनावर सोपवू नका, आपली मर्यादा आपणच ठरवा. खात्यातून अनोळखी रक्कम वजा झाल्याची सूचना येताच बँकेला कळवा, कारण दोष बँकेचाही नसेल आणि तुमचाही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांच्या आत केलेल्या तक्रारीत नुकसानीचा भार खातेदारावर पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले आहे.