दलदलीतील रानजायफळ

श्रीखंडातील जायफळ सर्वांच्या परिचयाचे आहे. ते मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे. परंतु त्याच कुळातील एक रानवृक्ष जगात केवळ पश्चिम घाटातच आढळतो, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. वनस्पतिशास्त्रात त्यास ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’ म्हणतात.

हा वृक्ष गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढतो. मऊ चिखलात तोल सावरावा म्हणून त्याच्या खोडातून आधारमुळे फुटतात. त्याचे बी वाळले की मरते. त्यामुळे कोरडी जमीन ओलांडून त्याचा प्रसार होत नाही. ओढ्याचे पाणी वळविले की राई संपलीच! कर्नाटक-केरळातील अशा कित्येक दलदली भातशेती व सुपारीच्या बागांखाली नाहीशा झाल्या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, बांबर्डे येथे, गावकऱ्यांनी अशी एक राई देवराई म्हणून राखली. तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. २०२१ साली ती ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित झाली.

आपल्या दिंडोरीतील एखाद्या द्राक्षबागेएवढीच ही जागा! तेव्हा आपल्याकडील ओढ्याकाठच्या झाडीवर कुऱ्हाड पडण्यापूर्वी तेथे कोणते वृक्ष आहेत, याची नोंद तरी आपण विद्यार्थ्यांनी करावयास नको काय?